कोऱ्या नाण्याची खरखर

भाच्याने तीन जुनी चांदीची नाणी भांडी घासायच्या पावडरीने लख्ख केली, त्यामागे त्याचा हेतू अगदी शुद्ध होता. पण नाण्यांवरून फिरली ती पावडर. हेतू बिचारा बाजूला उभा होता.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, जिथे चहाचे कप विसळतात त्या बेसिनवर, दातांचा जुना ब्रश घेऊन तो सकाळी लवकर येऊन बसला होता. आधी काळपट हिरवं कीट निघालं, मग खालून राखाडी रंग आला, मग पांढरा, आणि शेवटी राजाच्या गालात खोलीची खिडकी दिसायला लागली. तेव्हा कुठे त्याचा हात थांबला. तिन्ही नाणी त्याने स्वच्छ रुमालावर ओळीने मांडली आणि मावशीची वाट बघत, परीक्षेत पेपर आधी संपलेल्या हुशार मुलासारखा, हाताची घडी घालून बसला.

मावशी आली. पिशवी खुंटीला लावली. चष्मा पुसला. रुमालाशी येऊन वाकली, आणखी वाकली, इतकी की नाक राजाच्या नाकाला लागेल. मग एक नाणं कडेने उचललं आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. मग दुसरं नाणं. मग तिसरं. मग तिन्ही होती तशी ठेवली आणि म्हणाली, "खिडकी उघड. कोंदटलंय."

बस. एवढंच.

भाच्याचं धाबं दणाणलं. कारण त्याची ही मावशी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. अख्ख्या संग्रहालयात तिचं नाव पडलं होतं 'कानस'. लोखंड घासायची कानस. गुळगुळीत करते खरी, पण कातडं सोलून. हे नाव तिला पहारेकऱ्याने दिलं, सगळ्यांनी उचललं, आणि एके दिवशी खुद्द मावशीने वरच्या मजल्यावरून हाक मारली, "अरे, कोणी आहे का खाली? कानशीला शिडी हवी आहे!" त्या दिवसापासून नावातली गंमत गेली, नाव राहिलं.

तिचं काम नाण्यांचं. लाकडी कपाटं, कपाटांत उथळ खण, खणांत गोल खाचा आणि प्रत्येक खाचेत एक नाणं. कुठलं नाणं कुठल्या खाचेत, हे तिला स्वतःच्या भाचरांच्या वयापेक्षा जास्त पक्कं ठाऊक. लग्न केलं नाही. "विचारायला आलेले सगळे घासून परत पाठवले," असं तिची बहीण, म्हणजे भाच्याची आई, म्हणायची. मावशी त्यावर म्हणायची, "घासून बघितलं म्हणून तर कळलं, वरचा मुलामा होता."

नवीन माणसाला नाण्याला हात लावू द्यायच्या आधी ती बिस्कीट द्यायची. साधं गोल बिस्कीट. ते दोन बोटांनी फक्त कडेने धरायचं, खाली काळी मखमल अंथरलेली, आणि बोलता बोलता उलटसुलट करून बघायचं. मखमलीवर चुरा पडला की नापास. भाचा पहिल्या दिवशी अर्ध्या पुड्याला नापास झाला.

"जोर कशाला लावतोस? ते काय पळून जातंय?"

"मावशी, माझे हात घामेजतात गं."

"हात घामेजतात, डोकं कोरडं. निसर्गाने उलटं बसवलंय तुझ्यात."

असं बोलून झालं की ती पुडा पुढे करायची. नापास झालेली बिस्किटं खायची, हाही तिचाच नियम.

भाचा तिथे आला कसा, तर मावशीच्या डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते आणि निवृत्तीला थोडे महिने उरले होते. ऑपरेशन आत्ता करून सुट्टीवर बसायला ती तयार नव्हती. मग संग्रहालयाच्या साहेबांनीच तोड काढली: घरातला एखादा मुलगा मदतनीस म्हणून घ्या, तो बघेल, तुम्ही सांगा. भाचा गावाकडच्या शाळेत शिकून पदवी घेऊन रिकामा होता, त्यामुळे बघायला त्याच्याकडे भरपूर वेळ होता.

साहेब माणूस भला. मावशीला वचकून असायचा, पण कौतुकही करायचा. एकदा व्हरांड्यात भाच्याला गाठून तो म्हणाला, "तुमच्या मावशींच्या कामाला तोड नाही. फक्त बोलण्यात जरा, काय म्हणतात, ॲस्पेरिटी आहे."

"हो सर, पहिल्यापासूनच आहे," भाचा अभिमानाने म्हणाला.

साहेब दोन क्षण त्याच्याकडे बघत राहिला आणि निघून गेला. तेव्हा भाच्याला शंका आली. साहेबाच्या खोलीबाहेर पाटावर एक जाडजूड शब्दकोश असायचा, उघडायला दोन हात लागतील असा. त्यात सापडलं: बोलण्यातला, वागण्यातला कडकपणा, तिखटपणा. मूळ लॅटिन शब्द ॲस्पर. अर्थ खडबडीत, खरखरीत, हाताला बोचणारं.

म्हणजे कानस. साहेबाने फक्त इंग्रजीत म्हटलं होतं.

आता ही बातमी पोटात ठेवणं त्याच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं. चहाच्या वेळी त्याने ती मावशीपुढे ठेवली आणि सोलून निघायची तयारी करून बसला. मावशीने शांतपणे चहा संपवला.

"ठाऊक आहे तो शब्द मला. तो आपल्याच कपाटातला आहे."

"म्हणजे?"

"आधीच्या साहेबांनी सांगितलं होतं. रोमन लोक टाकसाळीतून नुकत्या बाहेर पडलेल्या नाण्याला ॲस्पर म्हणायचे. ज्यावर अजून कोणाचा हात फिरलेला नाही. केस न् केस उठून दिसतो, अक्षराची धार बोटाला लागते. मग ते बाजारात जातं. या मुठीतून त्या मुठीत, या पिशवीतून त्या पिशवीत. घाम, बोटं, कापड. शंभर वर्षांनी राजाला नाक राहत नाही. सगळ्यांना ते हाताला गोड लागतं, पण कोणाचं आहे ते सांगता येत नाही."

"मग तुझी जीभ..."

"माझ्या जिभेला तिथे आणू नकोस. ती टाकसाळीतली नाही, तुझ्या आजीची आहे."

भाचा हसला. पण त्याला एक उत्सुकता लागली. "कसं लागतं गं कोरं नाणं? त्या काळातलं?"

खणांच्या त्या उंच कपाटांकडे तिने बघितलं आणि तिचा आवाज उतरला.

"मला ठाऊक नाही. आपल्याकडे एकही नाही. सगळी झिजून आलेली. एवढी वर्षं झाली, मी एकाही कोऱ्यावरून बोट फिरवलेलं नाही."

हे भाच्याच्या डोक्यात राहिलं. चुकीच्या जागी, पण राहिलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी गाडगं आलं. गावाच्या वरच्या अंगाला पाण्याच्या टाकीसाठी पाया खणताना जळालेल्या विटांचा एक थर लागला, आणि त्या थराच्या खाली, जुन्या जमिनीत पुरलेलं, मुठीपेक्षा थोडं मोठं मातीचं गाडगं. आत नाणी. गवंड्याने प्रामाणिकपणे आणून दिलं. मावशीने ते टेबलावर मखमलीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या कडेवर नुसता हात ठेवून बसली. कोणी आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी.

त्या जळालेल्या विटा तिच्या जुन्या ओळखीच्या होत्या. संग्रहालयात शिरल्याशिरल्या काचेच्या पेटीत तसल्याच चार विटा ठेवलेल्या आहेत. खाली पाटी: 'जुने गाव आगीत नष्ट झाले. साल अज्ञात.' ती पाटी रोज पुसायचं काम मावशीचं नव्हतं, तरी ती पुसायची. 'अज्ञात'वर फडकं जरा जास्त जोराने फिरायचं. एकदा ती म्हणाली होती, "अख्खं गाव जळलं, आणि कधी ते कोणाला सांगता येत नाही. माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर असं कोणी लिहू देईल का?"

गाडग्यातली वरची नाणी, गाडगं पुरणाऱ्याच्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या राजांची निघाली, झिजून साबणाच्या वडीसारखी झालेली. तळाशी मात्र एक गठ्ठा होता. कीट चढून काही नाणी एकमेकांना घट्ट चिकटली होती, आणि त्या गठ्ठ्याच्या वरच्या अंगाला तीन नाणी अर्धवट सुटी दिसत होती. त्यांच्यावर एका राजाचं नाव पुसट वाचता आलं.

मावशीने भाच्याला समजावलं. हा राजा चाळीस वर्षं गादीवर होता. पण बिनदाढीच्या चेहऱ्याची नाणी त्याने फक्त पहिल्या वर्षा-दोन वर्षांत पाडली; पुढे दाढी आली. ही तिन्ही बिनदाढीची. आता ती कोरी असतील, तर टाकसाळीतून निघाली, इथे पोचली आणि लगेच पुरली गेली. आणि काढायला कोणी परत आलं नाही, म्हणजे गाव त्याच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत जळलं. झिजलेली असतील, तर मग काय, पुढच्या शंभर वर्षांत कधीही.

"म्हणजे यांच्या खरखरीवर तारीख आहे," भाचा म्हणाला.

"आज पहिल्यांदा अक्कल चालवलीस. कीट हळूहळू काढायचं. थेंब थेंब औषध, कापूस, लाकडी काडी. घाई केलीस तर हात मोडेन."

आणि त्याच रात्री भाच्याच्या मनात तो शुद्ध हेतू उपजला. मावशी निवृत्त होणार. तिने कोरं नाणं कधी बघितलेलं नाही. आपण ही तीन लवकर साफ करून, नव्यासारखी करून तिच्यापुढे ठेवली तर? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण त्याने शाळेत पाठ केली होती. बैलाच्या बाजूने विचार मात्र कधी केला नव्हता.

तर आता खिडकी उघडली होती, कोंदट हवा गेली होती, आणि मावशी खुर्चीत बसली होती. रुमालावर तीन गुळगुळीत चेहरे चमकत होते. कोरी होती की झिजलेली, हे आता त्या नाण्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"मावशी," भाचा म्हणाला, "मला वाटलं, नवीन दिसतील..."

मावशीने रुमालाची दुमडलेली कड सरळ केली.

"शिव्या तरी दे."

"आधी साहेबांना सांगून ये. तू सांगायचं. काय केलंस, कशाने केलंस, सगळं."

तो गेला. साहेबाने ऐकून घेतलं, चष्मा काढला, छताकडे बघितलं आणि विचारलं, "कुठली पावडर?" मग म्हणाला, "नको, राहू द्या," आणि त्याच्यासोबत उठून आला.

मागच्या खोलीत मावशी बेसिनपाशी वाकून उभी होती. पाणी कधीच वाहून गेलं होतं. जाळीवर हिरवट चिखलाचा एक ठिपका तेवढा उरला होता. तिने तो बोटाने चाचपला आणि सोडून दिला. तिचे खांदे भाच्याला एकदम म्हाताऱ्या बाईचे वाटले. कोणी बडवलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"बाई," साहेब हळूच म्हणाला, "जाऊ द्या. 'अज्ञात' तर 'अज्ञात'. इतकी वर्षं होतंच."

हा शब्द कानावर पडला आणि मावशी वळली.

"गठ्ठा कुठे आहे?"

"गाडग्यातच," भाचा म्हणाला. "तो मी घासला नाही."

"का नाही घासलास?"

"कंटाळा आला. फार कडक होतं कीट. ही तीन नखाने सुटली म्हणून..."

"सोडवताना कसं सुटलं? तुकडे पडले, की अख्खं निघालं?"

"अख्खं. म्हणजे, बशीत बसलेला कप उचलावा तसं."

मावशीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "देवा," ती म्हणाली, कोणालाही उद्देशून नाही. मग एकदम, "दारं लाव. खिडकी लाव. सगळा उजेड बंद. टेबल लॅम्प घे, आडवा धर. वरून नाही रे, आडवा! टेबलाला टेकव."

भर दुपारी खोलीत अंधार झाला. गठ्ठा मखमलीवर आला. लॅम्पचा उजेड टेबलाला घासत आल्यासारखा एका बाजूने त्याच्यावर पडला. मावशीने भिंग भाच्याच्या हातात दिलं.

"मला दिसत नाही. तू बघ. आणि जे दिसतं तेच सांग, जे वाटतं ते नाही."

भाचा वाकला. कीटाच्या खडबडीत ढिगाऱ्यात तीन वाटोळे खळगे होते, पोळपाटावरून वाटी उचलल्यावर ओल्या पिठात उमटतात तसे. एका खळग्यावर त्याने भिंग आणलं.

"मावशी. आत माणूस आहे."

"नीट सांग."

"उलटा आहे. आत गेलेला, खोल. कपाळ, नाक. केस आहेत, मावशी, एक एक केस वेगळा, वळलेला. पापणी आहे. कानाच्या मागे..." त्याने डोळे चोळले आणि पुन्हा लावले. "कानाच्या मागे बारीक बारीक रेघा आहेत, सगळ्या एकाच दिशेने. नखाने ओढल्यासारख्या, पण त्याहून बारीक."

"साचा घासलेल्याच्या रेघा," मावशी म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "कारागिराने नाणं पाडायचा साचा कोरला आणि शेवटी घासून साफ केला. त्याच्या हाताच्या रेघा. पहिले काही दिवस नाण्यावर दिसतात, मग बाजारात गेल्या गेल्या पुसल्या जातात. आधी त्याच जातात."

भाच्याने घासून काढला होता तो राजा नाण्यावरून गेला होता. पण नाणं शेजारच्याला चिकटून शतकानुशतकं अंधारात बसलं होतं, आणि त्याच्याभोवती कीट चढता चढता त्या कीटानेच त्याचा साचा घेऊन ठेवला होता. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघणार नव्हतं. जमिनीखाली, जळलेल्या गावाखाली, एका पापणीचा हिशेब कीट नावाच्या घाणीने इतका चोख ठेवला होता. साहेबाने कधी हात जोडले ते साहेबालाही कळलं नसावं.

दात बसवणारे डॉक्टर जबड्याचं माप घ्यायला वापरतात, ते रबरासारखं मिश्रण मावशीकडे नेहमी असायचं. तिने ते कालवलं. ओतायची वेळ आली तेव्हा खळग्याची कड दिसेना, म्हणून वाटी तिने भाच्याला दिली.

"मी?" भाचा मागे सरकला. "मी सकाळीच..."

"हो, तूच. बिस्कीट समज."

त्याने ओतलं. कडेने, हळू, बुडबुडा न होऊ देता. मग तिघं ते घट्ट व्हायची वाट बघत बसली. साहेबाने त्या वेळात एक विनोद सांगितला, तो कोणी ऐकला नाही.

मिश्रण घट्ट झाल्यावर भाच्याने ते टोकाला धरून उचललं. आवाजसुद्धा झाला नाही. उलटं केलं, आणि लॅम्पच्या आडव्या उजेडात एक तरुण राजा वर आला. बिनदाढीचा, जरा घाबरलेला, बहुतेक नुकताच गादीवर बसलेला. केसांची वळणं अशी की वाटावं, वारा आहे.

मावशीने हात पुढे केला. भाच्याने ठसा तिच्या तळहातावर ठेवला. तिने डोळे मिटले, आणि सकाळी ज्या अंगठ्याने तीन गुळगुळीत नाणी चाचपली होती, तोच अंगठा त्या चेहऱ्यावरून फिरवला. कपाळापासून हनुवटीपर्यंत. तिथे थांबला. परत वर गेला. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. हात रिकामा नव्हता.

"लागतं," ती म्हणाली. "बोटाला लागतं."

मग तिने ठसा साहेबाला दिला, साहेबाने भाच्याला दिला. भाच्यानेही डोळे मिटले. आणि खरंच, ती खरखर मांजराच्या जिभेसारखी होती. जी आग लागली, ज्यांनी गाडगं पुरलं, जे परत आले नाहीत, त्या सगळ्यांच्याही आधीची, टाकसाळीतल्या कुठल्याशा सकाळची ती धार त्याच्या बोटाला लागत होती. त्या सकाळनंतर तिला कोणी बोथट केलं नव्हतं. त्याच्या मनात एकदम एक वाक्य आलं आणि नेहमीप्रमाणे ते तोंडापर्यंत आलं.

"मावशी, म्हणजे जे खरखरीत असतं ते..."

"पुरे," मावशी म्हणाली. "मी नाणं आहे वगैरे म्हणशील. नाणं गप्प बसतं. मी बसत नाही."

साहेब मोठ्याने हसला. खिडकी उघडली गेली.

पेटीतली पाटी बदलायला थोडे दिवस गेले, कारण साहेबाने बाहेरच्या दोन जाणकारांना ठशाचे फोटो पाठवून विचारलं. त्यांनी दुजोरा दिला. पाटीवर राजाच्या नावापुढे त्याची पहिली दोन वर्षं आली आणि 'अज्ञात' गेलं. पाटी मावशीने स्वतःच्या हाताने बसवली. पहारेकरी म्हणाला, "काय बाई, आता पुसायला काय उरलं?" मावशी म्हणाली, "तू. वर्दी बघ कशी झालीय." तीन लख्ख नाणी ठशाशेजारी ठेवली आहेत, आणि ती कशाने लख्ख झाली हेही तिथे लिहिलं आहे. तेवढं साहेबाने लिहिलंच. कोणी केलं ते लिहिलं नाही.

त्या दुपारी दारं उघडल्यावर भाचा मावशीच्या पुढे जाऊन उभा राहिला होता. मान खाली घालून, आता काय सुनवायचं ते सुनव म्हणून. मावशीने ठसा कापसात गुंडाळला, त्याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं.

"आज नको," ती म्हणाली. "आज मला जमणार नाही. बाकी ठेव."

त्याला वाटलं, उद्या होईल. उद्या झालं नाही. निरोपाच्या दिवशी भाषणात तिने साहेबाला घासलं, कपाटं करणाऱ्या सुताराला घासलं, हार घेऊन आलेल्यालाही सोडलं नाही. भाचा पहिल्या रांगेत जीव मुठीत धरून बसला होता. त्याचं नाव आलं नाही.

आता तिच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. तिला सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे घरच्यांची काही धडगत राहिलेली नाही. भाचा दर रविवारी तिच्याकडे जातो. ती त्याचे शर्ट, केस, अक्षर, चालणं, चहा करणं, सगळ्यांवरून त्याला घासते. त्या तीन नाण्यांवरून मात्र एक अक्षर नाही. गेल्या रविवारी चहा ओतता ओतता ती मध्येच थांबली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "तुला एकदा बसवून सांगायचंय मला."

भाच्याने कप खाली ठेवला आणि सरसावून बसला. "सांग."

तिने बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून नीट जमत नाहीये." आणि साखर पुढे केली.